वक्ता एक, गावं पाच

तालुक्याच्या गावातली व्याख्यानमाला. पत्रिकेवर वेळ सायंकाळी साडेसात. पावणेआठला दीपप्रज्वलन सुरू होतं, त्यात पाच मिनिटं जातात. स्वागतगीत सहा मिनिटं, प्रास्ताविक बारा, पाहुण्यांचा परिचय सात. व्यासपीठावर आठ माणसं, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फोटो. एकेकाला दोन मिनिटं धरली तरी सोळा झाली. सहा तासांचा प्रवास करून आलेल्या वक्त्याच्या हाती माइक येतो तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात आणि मुक्कामाची गाडी गाठायची असलेली मंडळी मागच्या रांगांतून उठायला लागलेली असतात. सव्वानऊला कुणीतरी चिठ्ठी पुढे सरकवतं. अध्यक्षीय मनोगत, आभार, राष्ट्रगीत. प्रश्नांना वेळ उरत नाही. वक्ता जेवून त्याच रात्री परत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो सत्काराचा.

अशा एका संध्याकाळवर मानधन, गाडी, मंडप, फ्लेक्स मिळून पन्नास-साठ हजार सहज जातात. आणि पुढच्या बैठकीत कार्यकारिणीतलंच कुणीतरी म्हणतं की हल्ली लोकांना व्याख्यान नको असतं. लोकांना नको असतो तो सत्कारसमारंभ. व्याख्यान त्यांना मिळालेलंच नसतं. तेवढ्याच पैशात, बाहेरून येणारा तोच एक अभ्यासक पाच दिवस मुक्काम करून पाच गावांत बोलू शकतो आणि प्रत्येक गावात अर्धा तास प्रश्नांना उत्तरं देऊ शकतो. ग्रंथालयांनी, मंडळांनी आणि शासनानं आपला पैसा अशा फेऱ्यांकडे वळवावा, असं आमचं म्हणणं आहे.

फिरता वक्ता महाराष्ट्राला नवा नाही. कीर्तनकार गावोगाव फिरत, गाव त्यांची राहण्या-जेवणाची सोय करी आणि जाताना बिदागी देई. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. सत्यशोधकांनी हेच काम जलशांतून केलं, आणि १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवानं व्याख्यानाला गल्लीत मांडव मिळवून दिला. नाशिकला मे महिन्यात गोदाघाटावर आजही माणसं पायऱ्यांवर बसून ऐकतात. सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरसारख्या लहानशा गावात दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. फुले आणि आंबेडकर जयंतीच्या एप्रिलमधल्या व्याख्यानमाला तर कित्येक गावांत वर्गणीवर चालतात, आणि तिथला श्रोता प्रश्न विचारायला सर्वांत तयार असतो, कारण तो वाचून आलेला असतो.

विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षणाची, म्हणजे वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेण्याची व्यवस्था याच हेतूनं केली. पुणे विद्यापीठाची बाबासाहेब जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला त्याच व्यवस्थेतली. वक्त्यांची यादी, विषय, केंद्रं, सगळं ठरलेलं. कल्पना आजही उत्तम आहे. अडचण इतकीच की केंद्र बहुधा महाविद्यालय असतं आणि वेळ महाविद्यालयाची. समोर बसतात वर्गातून आणलेले विद्यार्थी. ज्या गावासाठी ही शिक्षणाची खिडकी उघडली ते त्या वेळी शेतात, दुकानात किंवा स्वयंपाकघरात असतं.

इतिहास, भाषा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, कला या विषयांची माणसं बोलवायची कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. ऊस-सोयाबीनवर बोलणारा येतो त्याचा उपयोग कळतो. स्पर्धा परीक्षेवर बोलणारा येतो, तोही कळतो. हल्ली सर्वांत जास्त मागणी प्रेरणादायी वक्त्याला असते आणि त्याच्या खालोखाल आवेशानं इतिहास सांगणाऱ्याला. त्यांच्या कार्यक्रमाला गर्दी होते हे खरं. पण त्या गर्दीला एक सवय लागते: टाळी कुठं वाजवायची ते आवाजावरून ओळखायची. अभ्यासक जे देऊ शकतो ते दुसऱ्याकडे मिळत नाही. ‘याला कागद आहे’, ‘याला कागद नाही, ही नंतरची आख्यायिका’, आणि ‘याबद्दल दोन मतं आहेत, दोन्हींचा आधार असा’ ही तीन वाक्यं चारचौघांसमोर शांतपणे उच्चारणारा माणूस गावानं वर्षातून एकदा तरी पाहायला हवा. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणतात. मोबाइल आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाशेजारचा दगड वाचून देत नाही.

त्या दगडाचंच घ्या. देशावरच्या कितीतरी गावांत देवळाजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड असतो. कुणी त्याला तेल वाहतं, कुणी शेंदूर फासलेला असतो, पार बांधताना त्याचा खालचा भाग सिमेंटमध्ये गेलेला असतो. मंदिर-मूर्तींचा अभ्यासक येणार असेल तर त्याला महिनाभर आधी त्या दगडाचे फोटो पाठवावेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. मग व्याख्यानाच्या दिवशी पाच वाजता, सभागृहात जायच्या आधी, वीस-पंचवीस माणसं त्या दगडापाशी जमवावीत. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि लढाई. शेजारी गाई असतील तर त्या सोडवताना तो पडला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. पाऊण तासात गावाला आपला एक पूर्वज भेटतो. रात्री आठ वाजता ती पंचवीस माणसं आणखी पन्नास जणांना घेऊन येतात. कुठल्याही फ्लेक्सनं हे होत नाही.

आता फेरी कशी बांधायची ते पाहू. उदाहरणादाखल उत्तर रत्नागिरी. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं; अशा जुन्या ग्रंथालयानं पुढाकार घ्यायचा आणि चार शेजारी जोडून घ्यायचे. वक्ता कोकण रेल्वेनं चिपळूणला उतरेल, पहिलं व्याख्यान तिथंच. दुसऱ्या दिवशी गुहागर. तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला उतरून दापोली. मागं चिपळूणला येऊन खेडवरून जायचा वळसा वाचतो. चौथ्या दिवशी मंडणगड, पाचव्या दिवशी खेड, आणि खेडलाच परतीची रेल्वे. गावं ठरवताना नकाशापेक्षा वेळापत्रक आधी उघडावं. वक्त्याचा एका दिवसाचा प्रवास दोन तासांपेक्षा जास्त होऊ देऊ नये आणि त्यानं दुपारी एकपर्यंत मुक्कामी पोचलं पाहिजे, म्हणजे जेवून तासभर झोप होते. पाच गावं जमत नसतील तर तीन घ्यावीत. दोनची फेरी परवडत नाही, कारण प्रवासखर्च तेवढाच राहतो.

हंगाम चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही खुर्च्या रिकाम्या राहतात. कोकणात जून-जुलै लावणीचे, भाद्रपद गणपतीचा, फाल्गुन शिमग्याचा. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, तेव्हाही गर्दी होते, पण उकाड्यात बंद सभागृह नको, अंगण हवं. देशावर वेगळा हिशोब. दुधाची डेअरी साडेसातपर्यंत चालू, म्हणून तिथं पावणेआठच्या आत कुणी बसत नाही. शेतीची लाईट कोणत्या वारी रात्रपाळीला आहे ते विचारून घ्यायचं. रात्री मोटार चालू करायला जाणारा माणूस व्याख्यानाला येणार नाही. आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळायचा, कारण दिवसभर बाजारात उभं राहिलेली बाई-माणसं संध्याकाळी दमलेली असतात. बायकांना यायचं असेल तर वेळ त्यांना विचारूनच ठरवावी. बचत गटाच्या बैठकीत एकदा विचारलं की कळतं. पुष्कळ ठिकाणी उत्तर येतं, दुपारी चार.

पैशाचा हिशोब आजच्या भावानं साधारण असा बसतो. पाच गावांनी प्रत्येकी १२ हजार काढले की ६० हजार. वक्त्याला दर व्याख्यानामागे ४,००० प्रमाणे २०,०००. रेल्वे आणि स्थानिक गाडी मिळून ६,०००. चार रात्रींचा मुक्काम, साध्या लॉजवर, ४,८००. ध्वनिव्यवस्था दर गावी २,५०० म्हणजे १२,५००. खुर्च्या आणि बैठक १,५०० प्रमाणे ७,५००. पत्रकं, टाचणं, किरकोळ ६०० प्रमाणे ३,०००. एकूण ५३,८००. उरलेल्या ६,२०० रुपयांत प्रत्येक ग्रंथालयासाठी त्या विषयाची बाराशेची पुस्तकं येतात आणि ती व्याख्यानाच्या दिवशीच टेबलावर ठेवता येतात. हा शेवटचा खर्च कधीही कापू नये. ऐकून उठलेला माणूस त्याच रात्री पुस्तक नेतो. आठवड्यानं तो विषय विसरलेला असतो.

मानधनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘आपलं समजून या’ हे वाक्य अभ्यासकाला ऐकवणं बंद झालं पाहिजे. आकडा पत्रात लिहावा, पाकीट व्याख्यानाआधी द्यावं, प्रवासखर्च वेगळा द्यावा. नारळ-शालीवर जाणारे पैसे याच पाकिटात घालावेत. आणि वक्ता गावात आहे म्हणून सकाळी शाळेत, दुपारी कॉलेजात, मध्ये एका उद्‌घाटनाला असं त्याला फिरवू नये. ‘आलेच आहेत तर’ या तीन शब्दांनी तिसऱ्या दिवशी घसा बसतो आणि उरलेल्या दोन गावांचं नुकसान होतं.

पण फेरीचं यश ठरतं ते तीन आठवडे आधी गेलेल्या पत्रावर. सहसा वक्त्याला फक्त तारीख, वेळ आणि ‘विषय आपण ठरवा’ एवढं कळवलेलं असतं. मग तो शहरात केलेलंच भाषण इथं करतो, त्याचा त्यात काय दोष? पत्रात हे असावं: श्रोते किती येतील, त्यांत शेतकरी, शिक्षक, दुकानदार, निवृत्त, विद्यार्थी कोण किती, गेल्या दोन वर्षांत कोणते विषय झाले, विषयाशी गावाचा काय संबंध आहे, एखादं बंदर, पेठ, गिरणी, सत्याग्रह, शिलालेख, कवी, प्रोजेक्टर आहे का, आणि अंगणात कार्यक्रम असेल तर अंधार किती वाजता पडतो. उलट वक्त्याकडून मागायचं ते एक पानी टाचण: नावं, सनावळी, चार-पाच पुस्तकं. त्याच्या शंभर प्रती काढून दारात द्यायच्या. शीर्षक प्रश्नाच्या रूपात मागावं. ‘मराठेकालीन महसूल व्यवस्थेचे काही पैलू’ असं छापलं तर शिक्षकांपलीकडे कुणी येत नाही. तेच ‘आपल्या गावाचा सारा पूर्वी कोण ठरवायचं?’ असं छापलं की ज्याच्या नावावर दोन एकर आहेत तो प्रत्येक जण थबकतो.

प्रचारासाठी मोठा फ्लेक्स लावण्याची घाई नको. त्यावर चौदा चेहरे येतात आणि वक्त्याचा चेहरा कोपऱ्यात जातो. व्हॉट्सॲपवरचं कार्ड सगळे पाहतात आणि पुढं पाठवतात, येत कुणीच नाही. दहा सभासदांनी आदल्या दिवशी प्रत्येकी बारा फोन करावेत, नाव घेऊन बोलवावं. त्या एकशेवीसमधले निम्मे आले तरी सभा भरते. आणि ऐंशी लोक अपेक्षित असतील तर खुर्च्या साठच मांडाव्यात, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवाव्यात. दोनशे खुर्च्यांत बसलेले ऐंशी जण विखुरतात, मागे मागे सरकतात, आणि वक्त्याला रिकाम्या पुढच्या रांगांशी बोलावं लागतं.

आवाजाकडे जेवढं दुर्लक्ष होतं तेवढं दुसऱ्या कशाकडे होत नसेल. लग्नातले मोठे बॉक्स व्याख्यानाला घातक. त्यांतून धमक येते, शब्द येत नाहीत. पत्र्याच्या किंवा नुसत्या सिमेंटच्या सभागृहात आवाज घुमतो. तिथं पुढं दोन मोठे बॉक्स लावून आवाज वाढवण्याऐवजी चार लहान बॉक्स दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर, कमी आवाजात लावावेत. बॉक्स माइकच्या मागे ठेवला की शिट्टी मारणारच. तो माइकच्या पुढेच हवा. रिकाम्या सभागृहात तपासणी करताना घुमतंय म्हणून घाबरू नये, माणसं बसली की घुमणं बरंच कमी होतं. पण उच्चार कळत नसतील तर मागच्या भिंतीवर जुनी सतरंजी किंवा जाड पडदा टांगावा. कॉर्डलेस माइक असेल तर नवे सेल खिशात ठेवावेत. दुसरा माइक श्रोत्यांसाठी हवाच, नाहीतर प्रश्न पहिल्या दोन रांगांच्या पुढं जात नाही आणि बाकीचे आपापसात बोलू लागतात. उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून आधीच काढावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम लक्षात घेऊनच सुरुवातीची वेळ ठरवावी.

काही विषयांना वेगळी काळजी लागते. मोडी लिपीचा जाणकार बोलवला तर लोकांना घरातले जुने कागद घेऊन यायला सांगता येतं, आणि त्यासारखा उत्साह दुसऱ्या कशात दिसत नाही. ट्रंकेच्या तळातलं, फडक्यात बांधलेलं दप्तर बाहेर येतं. पण दोन गोष्टी आधी जाहीर कराव्यात. एक, कागद लॅमिनेट करून आणू नका. त्या उष्णतेनं आणि चिकट थरानं कागद कायमचा बिघडतो, तो मागं आणता येत नाही. दोन, पाहुणे कागद वाचून दाखवतील, निवाडा देणार नाहीत. वतन, हद्द, वाटणी, कूळ यांवरचे वाद गावात जिवंत असतात. वक्त्याच्या तोंडून ‘हे शेत यांचं दिसतं’ एवढं निघालं तरी उद्या ते तलाठ्यापुढं पुरावा म्हणून सांगितलं जाईल. म्हणून कागद पाहायची वेळ व्याख्यानानंतर, एका टेबलावर, एकेका घराला दहा मिनिटं, आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं की नाही ते कागदाच्या मालकानं ठरवायचं.

आणि मग भीतीचा प्रश्न येतो. इतिहासावर कुणाला बोलवायचं म्हटलं की आयोजक आज दचकतात: कुणाची तरी भावना दुखावली तर? ही भीती खोटी नाही. तरीही वादाचा विषय टाळत राहिलं की व्याख्यानमालेत उरतात फक्त ताणतणाव व्यवस्थापन आणि सकारात्मक विचार. अध्यक्ष काळजीपूर्वक निवडणं हा यावरचा उपाय आहे. अध्यक्ष देणगीदार किंवा पदाधिकारी नको. गाव ज्याचं ऐकतं असा निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील, अंगणवाडीताई कुणीही चालेल. त्यानं किंवा तिनं सुरुवातीलाच सांगावं की मधे कुणी बोलायचं नाही, नंतर अर्धा तास सगळा आपलाच आहे, आणि तो अर्धा तास खरोखर द्यावा. राग बहुधा त्यालाच येतो ज्याला बोलू दिलं जात नाही. तावातावानं उठलेल्या माणसाला माइक दिला, त्याचा प्रश्न अध्यक्षांनी दोन वाक्यांत पुन्हा सांगितला आणि वक्त्यानं आधार सांगून उत्तर दिलं, तर सभा त्याच्याकडे नाही, उत्तराकडे पाहू लागते.

पहिला प्रश्न सर्वांत जड असतो. दोन मिनिटांच्या शांततेला घाबरून सूत्रसंचालक आभार मानायला उठतो आणि सभा तिथंच संपते. त्यासाठी ग्रंथालयाच्या दोन वाचकांना, त्यांतली एक तरी बाई असावी, आधीच टाचण देऊन प्रश्न तयार ठेवायला सांगावं. व्याख्यान संपत आलं की चिठ्ठ्या फिरवाव्यात. उभं राहून बोलायला लाजणारी कितीतरी माणसं चिठ्ठीवर नेमकं विचारतात. आणि ‘मला प्रश्न नाही, मत मांडायचं आहे’ म्हणणाऱ्याला दोन मिनिटं द्यावीत, घड्याळ दाखवून.

वेळेची वाटणी अशी जमते: स्वागत आणि परिचय मिळून पाच मिनिटं, व्याख्यान पन्नास, प्रश्न तीस, आभार दोन. दीड तासात सगळं आटोपतं. व्यासपीठावर दोन खुर्च्या. सत्कार करायचाच असेल तर शेवटी, फक्त वक्त्याचा. हे ठरवताना भांडण होतं, कारण व्यासपीठावरची खुर्ची हा गावातल्या मानाचा प्रश्न असतो. देणगीदारांची नावं टाचणावर ठळक छापावीत, त्यांना पुढच्या रांगेत बसवावं, वक्त्याबरोबर जेवायला बोलवावं. जेवणाच्या पंक्तीत वक्त्याशेजारी बसायला मिळणं व्यासपीठापेक्षा जास्त आवडतं, असा अनुभव सगळीकडचा आहे.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं सुमारे ११ हजार आहेत. १९६७ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही व्यवस्था, जिल्हा ग्रंथालय संघांसह, फेऱ्यांसाठी तयार बसलेली आहे. अखिल भारतीय साहित्य संमेलनाला शासन आता २ कोटी रुपये देतं. ते द्यावेतच. पण वर मांडलेल्या हिशोबानं तेवढ्याच रकमेत ३३३ फेऱ्या, म्हणजे साडेसोळाशेहून अधिक व्याख्यानं होतात. त्याच्या एक दशांश रकमेपासून सुरुवात केली तरी जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक फेरी निघते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर भाषेवर, शिलालेखांवर, महानुभाव गद्यावर बोलू शकणारी माणसं शहरांत आणि विद्यापीठांत आहेत, ऐकू इच्छिणारी माणसं तालुक्यांत आहेत. शासनानं वक्त्यांची यादी करून ती जिल्हा संघांना द्यावी, त्यात विषय, मानधन आणि कोणत्या महिन्यांत येऊ शकतील ते लिहावं, आणि अनुदान व्यासपीठाच्या फोटोवर न देता टाचणाची प्रत, जमाखर्च आणि विचारलेल्या प्रश्नांची यादी पाहून द्यावं.

ती प्रश्नांची यादी नीट जपावी. व्याख्यान संपलं की चिठ्ठ्या गोळा करून एका पाकिटात घालायच्या, वर गावाचं नाव आणि तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी वक्ता पुढच्या गावाला निघताना एक प्रत त्याच्याबरोबर द्यायची, म्हणजे गुहागरला काय विचारलं गेलं ते दापोलीच्या अध्यक्षांना सभेआधी कळतं. मूळ पाकीट ग्रंथालयाच्या कपाटात राहील. वर्षभरानं पुढच्या वक्त्याला पत्र लिहायला बसताना ते उघडायचं आणि ज्या प्रश्नांना उत्तर मिळालं नव्हतं ते पत्राच्या खाली उतरवून पाठवायचे.